अकराची पिशवी

नाई, नाई — तुमी आधी पाणी प्या, इवाई. बोलणं कुठं पळून नाई चाललं. वडनेरहून निघाले, दोन एसट्या बदलल्या, अन् उभ्या उभ्या बोलता? बसा. त्या क्रेटवर बसा, रिकामा आहे तो. मी उठत नाई, राग नका मानू — वांगी निवडून राह्यलो, नीलेश आला का गाडीत भराची आहेत, सकाळी वर्ध्याच्या बाजारात माल लागला पायजे. हात चालू असले तरी कान मोकळे आहेत माह्ये. अन् तुमी काऊन आले ते मले सांगाची गरज नाई. पोरीचा बाप पोरीच्या सासऱ्याकडे काऊन येते? पोळ्यापासून रक्षा तुमच्या घरी आहे, आता संक्रांत आली. लोकं इचारत असतीन — ज्ञानेश्वरजी, पोरगी नांदाले काऊन नाई जात? मंग तुमी एखादी डॉक्टरीण गाठली, तिनं सांगतलं का सात म्हणजे बराबर आहे, अन् तेवढं एक वाक्य धरून तुमी माह्या छपरीत आले. ओळखलं का नाई? बंडूजी शिकला नाई, पण माणूस फाटकातून आत आला का त्याच्या पोटातलं ओळखते. थांबा — माह्यं होऊ द्या आधी. तुमी बोलाल, मंग मी चिडन, मंग दोघंबी म्हातारे माणसं हाफत बसू.

सात. तुमीच सांगा इवाई, सात म्हणजे काय असते? हे पाहा, हे वांगं घ्या हातात — हे सातचं होईन, देठ सोडून. काय म्हणता याले? मध्यम. बाजारात याले मध्यमच म्हणतीन, कोणी मोठं म्हणनार नाई. नीलेशनं रक्षाचा रिपोर्ट वाचला तवा मी त्याले परत वाचाले लावलं. म्हटलं बराबर वाच, एखादा आकडा सुटला असन. तो म्हणे नाई बाबा, गर्भपिशवी सात सेंटिमीटर, असंच लिवलं आहे. अन् त्याच्या मायची किती होती? अकरा! अकराची पिशवी होती माह्या घरी. चार लेकरं देली तिनं मले, तीन पोरी अन् हा नीलेश, चारी याच घरात झाली, वावरातून आली अन् बाळंत झाली. आता अकराची पिशवी चार लेकरं देते तं सातची किती देईन? मी हिशोब शिकलो नाई, चौथीत शाळा सुटली, पण एवढं तं बैलालेबी समजन. लग्नाले तीन वर्षं झाली, एक नाई झालं. एकबी नाई. मंग मी म्हटलं लहान आहे — काय चुकीचं म्हटलं?

ते अकरा कसं माहीत झालं म्हणता? तेबी सांगतो, मले काई लपवाचं नाई. नीलेशच्या मायले अंगावरून जास्त जाये. बायांचं असते ते, आपण काय त्याच्यात डोकं घालाचं — पण माही बहीण आहे ना गोपिका, ती आली होती राखीले, तिनं ओढून नेलं वर्ध्याले, सोनोग्राफी का काय ते केलं. संध्याकाळी दोघी आल्या. गोपिका म्हणे, दादा, डॉक्टर म्हणे पिशवी मोठी झाली, अकराची आहे, आतमध्ये गाठी आहेत, काढून टाका. आता तुमी मले सांगा — काढून टाका! तुमी आमच्या गल्लीत चक्कर मारा एकदा. यशोदाबाईची काढली. तिच्या जावेची काढली. चाळिशी नाई गाठली अजून अन् पोटात पिशवी नाई, अशा किती बाया दाखवू? एक माणूस येत होता जीप घेऊन, बाया भरून नेत होता, पिशव्या काढून परत आणून सोडत होता, जसा काई चवळीच्या शेंगा तोडून राह्यला. मंग कोणाची कंबर गेली, कोणाले भलत्याच वयात घामाच्या धारा, कोणाचं डोकं फिरलं. मी म्हटलं, माह्या घरात हे होनार नाई. लहान असती, खराब असती, तं गोष्ट वेगळी. मोठी आहे म्हणते डॉक्टर स्वतः! मोठी, चांगली वस्तू कोणी अंगातून काढून फेकते का? नाई म्हटलं. मी एकदा नाई म्हटलं का नाई.

अन् लपवलं नाई मी. पानठेल्यावर लोकं म्हणत, बंडूजी, गावात सगळ्यांच्या घरी ऑपरेशन झालं, तुमच्याच घरी काऊन नाई? मी सांगत होतो, आमच्या घरची अकराची आहे, मजबूत आहे, आमाले गरज नाई. हासत लोकं. हासू दे. गोपिका तं तोंडावर बोलली — दादा, जवारीचं कणीस दाखवत फिरावं तसा बायकोची पिशवी दाखवत फिरून राह्यला गावभर, काई लाज? म्हटलं, लाज कायची? ज्याच्या घरी लहान आहे त्यानं लाजावं. — तिचं काय म्हणणं होतं? कोणाचं, नीलेशच्या मायचं? तिचं म्हणणं नसेच काई. बोलणारी बाई नव्हती ती. एकदा म्हणाली, पोट जड लागते हो, जाऊ का परत दाखवाले? मी म्हटलं, जड आहे म्हणजे भरलेलं आहे. हलकं लागलं असतं तं काळजी केली असती. ती हासली. खरंच हासली, इवाई, मले आठवते. अन् टोपलं घेऊन गेली वावरात.

हे काय उचललं तुमी? ते मोठं वांगं? ठेवा ते, ते फेकाचं आहे. तोडता तोडता राह्यलं झाडावर, फुगलं, आत बिया झाल्या. नुसतं दिसाले मोठं, आत काई नाई, कडू लागन. त्याले गिऱ्हाईक नाई. — मंग? मंग काय? काय पाहून राह्यले माह्याकडे? वांग्याचं वेगळं अन् बाईचं वेगळं. तुमीबी वावरातले माणूस, मीबी वावरातला, मले शिकवू नका. ठेवा ते खाली.

रक्षाचं म्हणाल तं पोरगी चांगली होती. मी खोटं बोलत नाई, कोणाच्या मागंबी नाई. बारावी शिकलेली, पण शिकल्याचा तोरा नव्हता. मेथी-सांबाराच्या जुड्या बांधाले बसली का एक जुडी दुसरीसारखी, व्यापारी इचारत, बंडूजी, कोणी बांधल्या? आल्या आल्या तिनं सासूचे कपडे धुवाले घेतले. मी म्हटलं नवी सून आहे, करते, दोन महिने करन मंग सोडन. सोडलं नाई. अन् मंग एक दिवस — तुमच्या पोरीनं तुमाले सांगतलं का नाई मले माहीत नाई — एक दिवस माह्यासमोर येऊन उभी राह्यली. डोक्यावर पदर, पण जबान सीधी. सुनेनं सासऱ्याशी ह्या गोष्टी बोलाच्या असतात का, तुमीच सांगा. म्हणे, मामाजी, आत्याबाईले दवाखान्यात न्या. बादलीतलं पाणी कितीबी बदललं तरी लालच राह्यते. म्हणे, अकरा म्हणजे चांगलं नाई, मामाजी, एवढी मोठी नसते, तो आजार आहे. आता एवढीशी पोट्टी, काल आली घरात, अन् मले सांगते, माह्या घरात काय चांगलं अन् काय खराब. मी म्हटलं, हे तुह्या बापानं शिकवलं का तुले, सासूची पिशवी मोजाले? — हो, तुमचं नाव काढलं मी. म्हटलं, तुले एक लेकरू होऊ दे, मंग तोंड उघडजो. ती आत गेली. नीलेश तिथंच होता, चप्पल घालून राह्यला होता. तो काई बोलला नाई. बोलन कसा? माह्यासमोर बोलाची रीत नाई आमच्या घरी.

मंग गेली ती. — रक्षा नाई हो. नीलेशची माय. तुमी आलते ना मातीले, तुमाले माहीतच आहे. भेंडी तोडून राह्यली होती. रोही आले होते चराले तिकडच्या धुऱ्याले, मी हाकलाले गेलतो, आवाज देऊन राह्यलो का टोपलं घेऊन इकडे ये, तं बसलेली. भेंडीच्या ओळीत बसलेली, जशी काई दम खाऊन राह्यली. मी शिव्या देल्या. म्हटलं, बसाची वेळ आहे का ही? ... हात लावला तं थंड. म्हणजे जीव होता, पण थंड. दवाखान्यात डॉक्टर म्हणे, अंगात रक्त तीनच आहे, एवढ्या रक्तावर ही बाई चालत कशी होती? मी म्हटलं चालत नव्हती, काम करत होती. एक बाटली चढवली रक्ताची. दुसरी चढता चढता धाप लागली, अन् संपलं. हार्ट! कागदावर हार्टच लिवलं त्यायनं. पिशवीचं नाव कोणी घेतलं नाई — ना डॉक्टरनं, ना नर्सनं. रक्षा तिथंच पायाशी उभी होती. तिनंबी घेतलं नाई. मी वाट पाहून राह्यलो होतो, इवाई. म्हटलं आता बोलन, आता म्हणन, मामाजी, मी सांगतलं होतं तुमाले. बोलली असती तं मीबी काई बोललो असतो, भांडण झालं असतं, मोकळे झालो असतो दोघंबी. बोललीच नाई. तिनं सासूचे पाय झाकले लुगड्यानं, अन् माह्याकडे पायलं. बस. रागानंबी नाई. नुसतं पायलं.

अन् मंग घरात कोण? नीलेश दिवसभर गाडीवर. ती अन् मी. चहा आणून ठेवे, भाकर वाढे, मामाजी भाजी देऊ का म्हणे. काई कमी नाई केलं तिनं. पण ती बादली घेऊन मोरीवर बसली का मले घरात थांबता येईना. नुसते नीलेशचे कपडे असत, माह्यं धोतर असे, दुसरं काई नाई — तरी मी उठून वावरात निघून जात होतो. भर उन्हात. लोकं म्हणत, म्हातारा बायको मेल्यापासून लय काम करून राह्यला. सून समोर आली का मी मान दुसरीकडे फिरवत होतो. आपल्याच घरात! आपल्याच छपरीत! तुमी कवा राह्यले का असे, आपल्या घरात पावण्यासारखे?

म्हणून मीच म्हटलं तपासा. लेकरू होऊन नाई राह्यलं, रक्षाचं तपासा. डॉक्टर म्हणे दोघांचंबी तपासावं लागते. मी म्हटलं, माह्या पोराचं काय तपासता, पन्नास किलोचं पोतं उचलते तो एका हातानं. तिचंच केलं. अन् नीलेशनं वाचलं, सात. इवाई, तुमाले खरं सांगू? मले बरं वाटलं. सात ऐकून मले बरं वाटलं. दुसऱ्या कोणाले वाईट वाटलं असतं, घरात लेकरू नाई, सुनेची पिशवी लहान. मले वाटलं, चला, सुटलो. — सुटलो म्हणजे, म्हणजे कारण समजलं, असं म्हणाचं आहे मले. कायचं कारण? लेकराचं कारण, दुसरं कायचं? तुमी मधात बोलू नका हो, माह्या तोंडातून भलतंच काढून घेता.

पोळा झाला अन् मीच तिले घेऊन निघालो. नीलेशले म्हटलं तू बैलं पाहा. एसटीत ती खिडकीपाशी बसली, मी तिकडे दरवाज्यापाशी. तुमच्या दारात तिची बॅग ठेवली, तुमी चहाचं म्हणाले, मी थांबलो नाई. तवा म्हटलं नव्हतं तुमाले सगळं, नुसतं म्हटलं पिशवी लहान आहे, काई दिवस राहू द्या. तुमची बायको रडाले लागली आतमध्ये. रक्षा नाई रडली. तवाबी तिनं पायलंच माह्याकडे. त्यावेळी मी म्हटलं, आता हे डोळे इथं राहतीन, आमच्या हिंगणीत नाई. — असं मनात म्हटलं. कोणाले सांगतलं नाई आजपर्यंत.

अन् ते सातचं, तुमच्या डॉक्टरणीनं सांगाची काई गरज नव्हती. मले माहीत आहे. हो, पाहा कसे पाहून राह्यले! मी इचारून आलो. दिवाळी झाल्यावर बीपीच्या गोळ्या घ्याले गेलतो सरकारी दवाखान्यात, तिथं नवी पोरगी आली डॉक्टर म्हणून, माह्या पोरीच्या वयाची. मी म्हटलं, बाई, एका घरची गोष्ट आहे, आमच्या नात्यातली, बाईची पिशवी केवढी पायजे? ती लाजली नाई, मीच खाली पायलं. म्हणे, आजोबा, बाईनं मूठ मिटली का जेवढी होते, तेवढी. लांबीले सात, आठ. पेरू उलटा धरला तं दिसते ना, तशी. अन् दोन बाजूले अंडाशय, बदामाएवढे. बस, एवढंसंच असते म्हणे सगळं. लेकरू राह्यलं का तीच वाढते, टरबुजाएवढी होते, अन् लेकरू झालं का परत आपल्या जागी येते. आधीपासून मोठी असाची गरजच नाई. मी माही मूठ मिटून दाखवली तिले. हासली ती. म्हणे, तुमची नाई हो आजोबा, बाईची! — बाईची मूठ. मी घरी येईपर्यंत आठवून राह्यलो, नीलेशच्या मायची मूठ केवढी होती. एवढी वर्षं त्या हातच्या भाकरी खाल्ल्या. दिवा लावताना पायलं, निंदताना पायलं, माह्या पाठीले तेल लावत होती ती. मूठ आठवत नाई. केवढी होती कोणास ठाऊक. — ती डॉक्टर म्हणे, आणखी काई इचाराचं आहे का आजोबा? मी उठलो. गोळ्या तिथंच टेबलावर राह्यल्या. मागून आवाज देत होती, मी पलटलो नाई.

नाई इचारलं. काऊन इचारू? सात बराबर आहे म्हणे. बरं, राहो बराबर. सात जर बराबर असन तं अकरा — नाई. तुमी बोलू नका. मी तुमाले इचारून नाई राह्यलो, इवाई, तुमी उत्तर देऊ नका. हात जोडतो. मी म्हणतो सात लहान आहे. सात लहान आहे म्हणून अकरा मोठी होती, अन् मोठी होती म्हणून चांगली होती, अन् चांगली होती म्हणून मी काढू देली नाई. हे असं उभं आहे. याच्यातली एक बल्ली तुमी ओढली का सगळी छपरी माह्या डोक्यावर येते. तुमाले काय, तुमी वडनेरले निघून जाल. मले इथंच राहाचं आहे, त्याच भेंडीच्या ओळीतून चालाचं आहे. तुमाले पाहाची आहे का ती ओळ? तिथं मी यंदा काई पेरलं नाई. नीलेश इचारे, बाबा ही ओळ काऊन सोडली? म्हटलं, रोही खातात तिथं.

बरं, सोडा. मी काई दगड नाई. ऐका आता, हे कामाचं सांगतो. नीलेश धड जेवत नाई. बोलत नाई ते तं आधीपासून नाई, पण आता जेवतबी नाई. आष्टीकडची एक पोरगी सांगतली होती आमच्या गल्लीतल्या अण्णाजीनं, आमी पाहाले गेलो, चहापोहे झाले, अन् हा पठ्ठ्या गाडीतून उतरलाच नाई. लोकं म्हणे नवरदेव कुठं आहे? मी काय सांगू — गाडी राखून राह्यला? माही इज्जत काय राह्यली तिथं? परत येताना मी त्याले लय बोललो. तो स्टेरिंग धरून बसला. घर आलं तवा एवढंच म्हणाला, बाबा, मी उतरनार नाई कुठंच. पहिल्या वेळी बोलला तो माह्यासमोर. त्या दिवसापासून मी विचार करून राह्यलो. घरात दोन माणसं, दोघंबी चुलीपुढं मुके. भाकर मी थापतो, इवाई. कच्ची राह्यते मधात.

म्हणून मी ठरवलं. तुमी आज आले नसते तं संक्रांत झाली का मीच वडनेरले — नाई, आलो नसतो. मले येता नसतं आलं, खोटं काऊन बोलू. पाय उचललाच नसता. पण तुमी आले, हे चांगलं झालं. आता एक करा. तोंडानं म्हणा. माह्या मोठेपणासाठी नाई, पण काई तरी रीत असते का नाई? पोरीच्या बापानं एक शब्द टाकाचा असते, सासऱ्यानं तो झेलाचा असते. तुमी म्हणा, बंडूजी, झालं गेलं जाऊ द्या, पोरीले घरात घ्या. मी नाई म्हणनार नाई. सात का आठ, मी तोंडातून काढनार नाई. लेकरू झालं तं झालं. पानठेल्यावर कोणी इचारलं तं म्हणीन, आमी आमचं पाहून घेऊ. तुमी नुसता शब्द टाका, उद्या बाजारातून नीलेश सीधा वडनेरले येईन गाडी घेऊन. मघापासून बोलाचं होतं ना तुमाले? मीच बोलू देलं नाई. बोला आता. बोला, बोला.

काय? — फारकत? कोणाची फारकत?

तुमी — थांबा. तुमी रक्षाले नांदवा असं सांगाले नाई आले? मंग ते सातचं? ते तुमी म्हटलंच नाई, मीच बोललो, बरं. मंग एवढा वेळ बसून काऊन राह्यले? मी बोलू देलं नाई, तेबी खरं. पण फारकत! आमी मागाची का तुमी? पोरीकडच्यानं कवा मागतली का फारकत आमच्याकडे, आजपर्यंत? तुमाले कोणी शिकवलं हे? — ती स्वतः? रक्षा स्वतः म्हणाली? नाई, नाई, तिले माहीत नसन. तिले वाटत असन सासरा अजून त्याच गोष्टीवर अडून आहे. तिले जाऊन सांगा, मामाजी हो म्हणाले. सात एकदम बराबर आहे म्हणाले. सांगा तसं, माह्या तोंडचं म्हणून सांगा. लेकरू नाई झालं तरी चालन म्हणाले. — तेबी तुमी म्हणून पायलं तिले? मी हो म्हणन हे तुमी आधीच म्हणून पायलं, अन् तरी?

नीलेशवर राग आहे का तिचा? पोरगं वाईट नाई हो. दारू नाई, काई नाई. — नाई राग. मंग माह्यावर आहे. असन, बराबर आहे, मी बाजूले होतो. मी वावरात झोपडी टाकतो, तिकडेच राहतो, तिच्यासमोर येत नाई. — माह्यावरबी राग नाई म्हणते? मंग काय म्हणते? कायच्यासाठी नाई येत? काई तरी म्हणाली असन ना. आपल्या बापाले काई तरी सांगतलं असन. जसं सांगतलं तसं सांगा मले. वाईट असलं तरी सांगा. पाहा, हात थांबवले मी. सांगा.

...

परत सांगा.

उद्या माही पिशवी मोठी झाली, तं त्या घरात मले दवाखान्यात कोण नेईन. — असं म्हणाली. एवढंच म्हणाली?

नीलेश आहे ना. नीलेश नेईन. नवरा आहे तो तिचा, नेनार नाई का तो —

हेबी तिनं इचारलं? नीलेशनं मायले नेलं होतं का, असं?

उठा, इवाई. नीलेश आला का सांगतो त्याले. तुमी जिथं म्हणाल तिथं येऊन सही करन तो. मीबी करीन, मले नाव लिवता येते. तिले म्हणा का मामाजी — नाई. काई नका म्हणू तिले. उठा आता, वडनेरची शेवटची गाडी निघून जाईन. उठा म्हणतो ना.